गंजी रचणारा सुभाष

सुभाष गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवापूरला एका पोल्ट्रीवर गाडीत अंड्यांचे ट्रे रचत होतो. रविवारीच तर त्याला गेममध्ये हरवून आलो होतो... खरं सांगतो, आधी रागच आला. याला कुठलं काम धड करता आलं नाही, जाणंसुद्धा!

शोकसभेत एकाने त्याला ‘कर्मयोगी’ म्हटलं. डोंबलाचा कर्मयोगी! माझा हा मावसभाऊ धानोऱ्याचा शेतकरी. मुलगा सुरतला नोकरीला लागला, त्याचा गेम घरी राहिला आणि हा दुपारभर टीव्हीसमोर ठोकळे रचत बसू लागला. वरून वेडेवाकडे ठोकळे येतात, त्यांना खऱ्यासारखं वजन असतं, तोल गेला की अख्खा मनोरा आडवा. अर्ध्या पडद्यावर त्याचा, अर्ध्यावर माझा. वरच्या रेघेला आधी पोचेल तो जिंकला. मी ट्रे रचतो तसा सरळसोट वर जायचो. लता वहिनी खेळल्या तर फळीवर डबे बसवावेत तशी एकही फट ठेवायच्या नाहीत. आणि हा गाढव? कडब्याची गंजी रचावी तसा आधी ऐसपैस पाया!

“अरे, शर्यत शे ही, गंजी नही!” मी ओरडायचो.

“पाया तं भरू दे. घाई काय शे तुले?”

मी जिंकून मिशीला पीळ दिला तरी हा तळाशीच. बरं, हरल्याची लाज? छे! उलट हसून म्हणायचा, “एक दिन तुले हरावसू, दखजो.” असल्या माणसाला हरवण्यात कसली आलीय मजा? तरी दर रविवारी मी जायचोच, काय करणार.

परवा गेलो. वहिनींनी न विचारता टीव्ही लावला. दोघांचा डाव सुरू झाला. त्याचा रिमोट गादीवर तसाच पडलेला, आणि त्याच्या बाजूचे ठोकळे आपोआप येऊन एकावर एक आदळत, घरंगळत होते. गबाळं काम. सुभाषने असं कधीच केलं नसतं... मला बघवेना. माझा रिमोट टाकला, त्याचा उचलला आणि आधी पाया भरला. ऐसपैस. माझ्या बाजूचं सगळं कोसळलं. गंजी हळूहळू रेघेला पोचली.

टीव्हीने त्याला जिंकवलं. मी त्याला एक सणसणीत शिवी हासडली आणि तिथेच रडू फुटलं.

“भाऊ,” वहिनी म्हणाल्या, “चहा ठंडा व्हई ऱ्हायना.”