चार अंशांची नोंद

एका निरपराध बाईंवर लबाडीचा आळ आला, तेव्हा तो खोटा आहे हे मला ठाऊक होते. आणि दोन वर्षे मी ते कुणालाही सांगितले नाही.

श्रीरामपुरात माझे छोटे कार्यालय आहे. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांत दूध गार ठेवणारे कूलर असतात. त्यांवरची तापमापक यंत्रे निरनिराळ्या कंपन्यांची. त्यांच्या नोंदी आधी माझ्याकडे येतात; मी त्या एका साच्यात बसवून डेअरीला पाठवतो. रेंज गेली की डेअरीच्या पडद्यावर चौकट रिकामी दिसे आणि मला फोनवर फोन येत. म्हणून मी परस्पर एक सोय करून ठेवली होती: नवी नोंद आली नाही, तर शेवटचीच पुन्हा पुढे जावी.

बेलापूरजवळच्या एका केंद्राची किल्ली, म्हणजे सगळा कारभारच, तिथल्या एका बाईंकडे होता; मी त्यांना वहिनी म्हणे. एका दुपारी वीज गेली, जनरेटर चालू होईना, मोबाईलचा टॉवरही बंद पडला. टँकर येईतो वीज परतली, दूध पुन्हा गार झाले. पण ते आंबले होते. पडद्यावर मात्र दुपारभर चार अंश, म्हणजे दूध हवे तेवढे गार.

"यंत्र खोटं बोलंल का? तुमीच शिळं दूध मिसळलं आसंल," लोक म्हणाले.

वहिनींनी सर्वांसमोर मला फोन लावला. "भाऊ, तुमाला तिथं समदं दिसतंय. सांगा की यान्ला, कूलर बंद हुता."

"नोंद चार अंशांचीच आहे, वहिनी."

त्या वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि त्याच्याच आडोशाला मी राहिलो. डेअरीचे काम हातचे जाईल, एवढीच भीती होती. वहिनींची किल्ली गेली. ती सोय मी त्याच आठवड्यात गुपचूप काढून टाकली.

गेल्या महिन्यात यंत्र बदलायला सकाळीच तिथे गेलो. वहिनी आपली किटली घेऊन रांगेत उभ्या होत्या. नव्या केंद्रचालकाने इतरांचे दूध तसेच ओतून घेतले. यांच्या किटलीपाशी मात्र वाकून वास घेतला.

"हुंग, हुंग, नाक शाबूत हाय तंवर!" मागून कुणीतरी म्हणाले. रांग हसली.

झाकण वहिनींनी न सांगताच काढून धरले होते.

माझा आवाज मुळात लहान. तो शेवटच्या माणसापर्यंत जावा म्हणून मी ओट्यावर चढलो.

"त्या दुपारी कूलरचं तापमान माझ्याकडे आलंच नव्हतं. आधीचाच आकडा मी पुढे पाठवत राहिलो. वहिनी खरं बोलत होत्या, आणि फोनवर बोलतानाच मला ते माहीत होतं. वहिनी, मी तुम्हाला खोटं पाडलं. माझं चुकलं. मला माफ करा."