रविवारचा राक्षस

चार जुने मित्र जमले, की कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, तो राक्षसाचा किस्सा सांग ना!" मी विचारतो, "कुठला?" कारण एक सांगायला बसलो, की मागून दुसरा आलाच. नव्वदच्या दशकात जळगावात आम्ही जे उद्योग केले, ते करू देणाऱ्या माणसांचे उपकार काही फिटायचे नाहीत. निदान सांगत तरी राहावं!

मी जळगावजवळच्या असोदा गावचा. जळगावात आत्याकडे राहून एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. क्लासचे कॉम्प्युटर वायरने एकमेकांना जोडलेले होते आणि त्यांच्यासाठी मी एक गेम लिहिला होता. कुणी योद्धा व्हायचं, कुणी मांत्रिक, कुणी वैद्य, आणि चौघांनी मिळून डोंगरातल्या राक्षसाला गाठायचं. पण घरोघरी कॉम्प्युटर कुठे होते? टीव्ही मात्र होते! तेव्हापासून एकच ध्यास लागला, की हा गेम लोकांना आपापल्या घरी टीव्हीसमोर बसून, पण एकत्र खेळता आला पाहिजे.

आमच्या वडिलांची, आबांची, गावी केळीची बाग. त्यांनी बजावून ठेवलं होतं, "दिवायीपरेंत काय ते करून घे. मंग गावी यायचं अन् शेती पाह्यची." आबांचा शब्द म्हणजे शब्द. त्यामुळे माझ्याकडे वेळ होता तो दिवाळीपर्यंतचाच.

* * *

या उद्योगात माझा भागीदार राजू. मूळचा सोनगीरचा, टीव्ही-रेडिओ दुरुस्तीत पटाईत. सुरुवातीला आम्हाला वाटलं, टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेमचा डबा असतो, त्यातच आपला गेम कोंबू. राजूने डबा उघडला, आत डोकावला आणि म्हणाला, "याम्हां काही भरता येवाव नही, भाऊ. पन वायर लांब करता यी!"

मग त्याने जॉयस्टिकची वायर लांबवून गल्लीपलीकडे राहणाऱ्या शेजारच्या अक्कांच्या ओट्यावर नेली. टीव्ही आम्ही आत्याच्या घराच्या खिडकीत मांडला. मी इकडून खेळतोय, राजू तिकडून. दोन घरं, एक गेम! आनंदाने आम्ही नाचायचे बाकी होतो.

दुसऱ्या दिवशी गेममधला राजूचा गडी आपोआप उड्या मारायला लागला. आम्ही सकाळभर डबा उघडून बसलो. दोष काही सापडेना. शेवटी राजूने बाहेर पाहिलं, तर अक्कांनी आमच्या वायरवर ओली लुगडी वाळत घातलेली!

मी हात जोडून म्हणालो, "अक्का, ही गेमची वायर आहे हो."

"मंग तुम्ही दुसरी टाका ना बापा," अक्का म्हणाल्या, "ही दोरी लय चांगली हाये!"

* * *

केबल तर आधीच घराघरात पोचली आहे, हे राजूच्याच डोक्यात आलं. केबलवाल्यांना सगळे भाऊ म्हणायचे. त्यांच्या ऑफिसात जाऊन, क्लासचा एक कॉम्प्युटर केबलला कसा जोडता येईल यावर मी मोठं लेक्चर झोडलं. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे चित्र माझ्या केबलवर दिसणार. लोक घरून फोनवर सांगणार, डावीकडे चल, तलवार मार. आणि तुम्ही दोघं इथे बसून बटणं दाबणार?"

"हो."

"म्हणजे सगळ्या जळगावची जॉयस्टिक तुम्ही!"

भाऊ हसले, आणि रविवार दुपारचा पिक्चर काढून ती वेळ आम्हाला देऊन टाकली. त्यांचं काय अडलं होतं? पण दिली!

* * *

चार खेळाडूंना चार फोन हवेत. भाऊंचा एकच. बाकीचे तीन शेजारच्या दुकानदारांनी दिले. एक सोनार, एक डाळवाले, एक फोटो स्टुडिओवाले. रविवारी दुकान बंद, म्हणून लांब वायर लावून आपापला फोन आमच्या टेबलावर सरकवला.

पहिल्याच रविवारी सोनाराच्या फोनवर एका बाईंनी विचारलं, "माझी पोत तयार झाली का?"

राजू खेळाच्या तंद्रीत होता. म्हणाला, "ती राक्षसाजवळ आहे ताई! योद्धा पाठवलाय!"

सोमवारी सोनाराला बाईंची समजूत घालता घालता घाम फुटला. तरी पुढच्या रविवारी फोन टेबलावर हजर. अशी माणसं!

* * *

चार खेळाडू पहिल्यांदाच राक्षसापर्यंत पोचले तो दिवस तर विसरणं शक्य नाही. एका फोनवर नाना, रिटायर्ड हेडमास्तर. दुसऱ्यावर त्यांचे व्याही. मी विचारलं, "पहिला वार कोण करणार?"

नाना म्हणाले, "व्याह्यांना करू द्या. त्यांचा मान."

व्याही म्हणाले, "छे छे, नाना वडीलधारे. आधी ते."

मी इकडचा निरोप तिकडे देतोय, तिकडचा इकडे. उरलेले दोघं या थोरांच्या आधी हात कसा उचलणार? गेममध्ये राक्षस ठरावीक वेळच थांबायचा. ती वेळ संपली आणि त्याने चौघांनाही खाऊन टाकलं.

मला वाटलं, नाना चिडतील. ते म्हणाले, "असू दे. पण कुणी कुणाचा अपमान केला नाही!"

* * *

दिवाळीच्या आधीचा रविवार. आबा आत्याकडे आले होते आणि टीव्हीसमोर बसले होते, हे मला ठाऊक होतं. हा कार्यक्रम संपला की बॅग भरायची.

सोनाराचा फोन वाजला. "साहेब, मले वैद्य करा."

आवाज आबांचा! मला साहेब म्हणत होते. मीही ओळख दाखवली नाही. म्हटलं, "बोला, वैद्यबुवा कुठे जाणार?"

"तो वढा दिसतो ना उजवीकडे, तिथी चाला."

तो ओढा मी नुसता शोभेला काढला होता! वैद्याला ओढ्याकाठी नेलं. तिकडे डोंगरावर तिघांची राक्षसाशी जुंपली. राजू ओरडला, "वैद्य कोठे गया, भाऊ? त्या मरी राह्यनात!"

मी फोनवर म्हटलं, "वैद्यबुवा, तिकडे जायचं का?"

"थांबा. आता वढ्याच्या काठाकाठानं खाली चाला."

एकेक करत तिघंही पडले. सगळं जळगाव पाहत होतं आणि आमचा वैद्य निवांत ओढ्याकाठी फिरत होता! भाऊंनी कपाळावर हात मारला. वेळ संपली, पडदा काळा झाला. रिसीव्हर माझ्या कानालाच होता.

"इतकं पानी वाया चाललं," आबा म्हणाले. "पुढच्या रईवारी बांध घाल तेच्यावर."

मी कसाबसा म्हणालो, "आबा, पुढच्या रविवारी तर मी असोद्याला..."

"केयीच्या बागेचं मी पाह्यतो," आबा म्हणाले आणि फोन ठेवून दिला.