लॅटिनची चाचणी आणि आमच्या घरचा नियम

मित्रांनो, लेकीला लॅटिन मी घरीच शिकवलं, आधी स्वतः पुस्तकांतून शिकून. इथे सौदीतल्या खमीस मुशैतमध्ये दुसरं कोण शिकवणार? आज ऑनलाइन वर्गाची प्रवेशचाचणी होती. जमली तर थेट दुसरी पातळी, नाहीतर पुन्हा पहिल्या धड्यापासून.

व्याकरणात आयेशा एकदाही चुकली नाही. ते अपेक्षितच होतं. मग चाचणी घेणाऱ्या बाईंनी तिला एक नवी गोष्ट वाचायला दिली. तिसऱ्या ओळीत शब्द अडला आणि ती थांबली. अर्थ पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा आमच्या घरचा नियम.

"डिक्शनरी नको, अंदाजाने पुढे वाच," बाई म्हणाल्या.

मी कॅमेऱ्याबाहेर बसलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलं.

"अब्बा, आप बाहर जाओ ना, प्लीज."

स्वयंपाकघरात बायको म्हणाली, "परीक्षा तिची आहे की तुमची? बसा, चहा घ्या."

थोड्या वेळाने आयेशा आली. दुसरी पातळी मिळाली होती.

"आणि तो शब्द?"

"पता नहीं. स्टोरी तो समझ में आ गई."

नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. व्याकरण त्यानेच पक्कं झालं. पण मी समोर असतो तर ती तिसऱ्या ओळीतच बसून राहिली असती.

घरी शिकवणाऱ्यांनो, तुम्ही खोलीबाहेर कधी पडलात?