गाशा गुंडाळून देणाऱ्या वन्सं

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, कुणाकडे गेल्या की पाणी पिऊन होईपर्यंतच पाहुण्या असतात. मग त्यांची नजर कपाटाकडे वळते. "अगं, हे दार नीट बंद का होत नाही?" असं सहज विचारतात आणि बघता बघता सगळं कपाट पलंगावर येतं. चहा गार होतो. त्या निघतात तेव्हा आत तेच सामान असतं आणि वर एक फळी रिकामी उरलेली असते. ती कुठून येते, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही.

सामान बांधणं ही त्यांची हौस. लहानपणी सहलीला निघताना भावंडांच्या पिशव्या त्या परस्पर रिकाम्या करून पुन्हा भरायच्या. माझा नवरा तेव्हा भोकाड पसरायचा म्हणे, कारण त्या भरणीत त्याच्या गोट्या आणि भोवरा हमखास गाळले जायचे.

गोतावळ्यात कुणी घर बदललं की वन्संना बोलावणं ठरलेलं. काचेचे पेले त्या जुन्या मोज्यांत घालत. ताटल्या उभ्या लावत, कारण आडवी ताटली सगळ्यांचं ओझं पोटावर घेते आणि तडकते. आणि ज्याचं घर त्याला एकच प्रश्न विचारत, "तिथे गेल्यावर पहिला हात कशाला घालशील?" ती वस्तू शेवटी बांधायची, म्हणजे ती सगळ्यांत आधी निघते. लोक विचार करून सांगायचे, "चहाच्या पातेल्याला." वन्सं मान डोलवायच्या आणि गुपचूप मोबाइलचा चार्जर वर ठेवायच्या. त्यांचं कधी चुकलं नाही.

यातून धंदा करायचा, असं त्यांनी जाहीर केलं तेव्हा माझा नवरा म्हणाला, "ताई, बोचकी बांधायचे पैसे कोण देतं गं?"

बोलायला तो वाकडा असला तरी खरं तेच बोलला होता. वन्संनी कापडाच्या दुकानातली नोकरी सोडली, खोकी, चिकटपट्ट्या, काच गुंडाळायचं फुग्याफुग्यांचं प्लास्टिक आणलं, आणि कामंही आली. पण सगळी ओळखीपाळखीतली. काम संपलं की लोक भरभरून कौतुक करत आणि हातावर अर्धेमुर्धे पैसे ठेवत. वर म्हणत, "तुम्हाला काय, तुम्हाला हे आवडतंच." हे एक वाक्य ऐकलं की वन्सं मिळतील ते पैसे घेऊन घरी यायच्या. आवडतं हे खोटं कसं म्हणणार?

भावोजी, म्हणजे वन्संचे यजमान, पाठीशी होते, पण गप्प बसणारे नव्हते. "लोकांचा गाशा गुंडाळता गुंडाळता आपला गुंडाळायची वेळ येऊ नये म्हणजे मिळवली," असं ते जेवताना म्हणायचे. कापडाच्या दुकानाच्या मालकांनी वन्संची जागा महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवली होती. तेव्हा वन्संनीच ठरवलं, की पुढच्या कामाचे ठरलेले पैसे पूर्ण मिळाले नाहीत, तर परत मीटरपट्टी हातात घ्यायची.

ते पुढचं काम म्हणजे एक चष्म्याचं दुकान. मालकांना ते पलीकडच्या रस्त्यावर मोठ्या जागेत न्यायचं होतं. सगळी नाजूक काच, आणि संध्याकाळपर्यंत दुकान सुरू व्हायला हवं. हाताशी कुणी हवं म्हणून मीही पदर खोचून गेले.

आदल्या दिवशी वन्सं नुसत्या बसून मालकांचे हात बघत होत्या. फ्रेमी कुठल्या क्रमाने काढतात, काचा कुठल्या खणात, तयार चष्मे कुठे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो क्रम बरोब्बर उलटा करून खोकी भरली आणि प्रत्येकावर जागा लिहिली.

टेम्पोवाल्याला हे पसंत नव्हतं. "ताई, जड खाली, हलकं वर. आमची सगळी हयात यात गेली."

"जड खालीच ठेवा ना दादा. फक्त आधी उतरायचं ते दाराशी येऊ द्या."

"म्हणजे भरलेलं पुन्हा उतरवू?"

"मी उतरवते. तुम्ही तोवर तंबाखू मळा."

तो हसला आणि निमूटपणे खोकी उतरवायला लागला.

नव्या जागेत एकही खोकं दुसऱ्यासाठी अडलं नाही. जेवणाची वेळ झाली तेव्हा भिंतीवर फ्रेमी लागल्या होत्या आणि मालक पहिल्या गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवत होते. एकही काच तडकली नव्हती.

मग हिशेबाची वेळ आली. मालक माणूस चांगला, पण दुकानदार. म्हणाले, "बाई, काम झकास. पण आपण दिवसभराचे पैसे ठरवले होते. तुमचं तर अर्ध्या दिवसातच आटपलं. आणि तुम्हाला काय, तुम्हाला हे आवडतंच, सकाळपासून बघतोय मी."

वन्संनी हातातली चिकटपट्टी खाली ठेवली.

"आवडतं, म्हणूनच अर्ध्या दिवसात झालं," त्या शांतपणे म्हणाल्या. "नावडतं असतं तर रात्र झाली असती आणि चार काचा फुटल्या असत्या. तेव्हा तुम्ही कमी दिले असते तर मी चकार शब्द काढला नसता. तुम्हालाही चष्मे आवडतात ना? मग फुकट देता का?"

गल्ल्यामागून मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, द्या आता. गिऱ्हाईक खोळंबलंय."

मालकांनी हसत सगळे पैसे दिले. वन्संनी ते दोनदा मोजून पर्समध्ये ठेवले. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला, की समोरच्या आरशात माझेच डोळे मला ओलसर दिसले.

आता त्यांच्या हाताखाली बायकांची एक तुकडी आहे, महिनाभर आधी सांगितल्याशिवाय तारीख मिळत नाही, आणि बायकोची कमाई आपल्या पगाराच्या पुढे गेली, हे भावोजीच सगळ्यांना सांगत फिरतात.

पण त्या दिवशी आम्ही चष्म्याच्या दुकानातून निघालो ते थेट कापडाच्या दुकानात गेलो.

"मालक, माझी जागा भरून टाका," वन्संनी सांगितलं.

"घाई करू नका. पगार वाढवतो हवं तर."

"नको." त्यांची नजर मालकांच्या मागच्या मांडणीवर खिळली होती. "हे तागे असे एकावर एक का रचलेत? खालचा हवा असला की सगळी चळत उपसावी लागते."

"तेच तर. तुम्ही गेल्यापासून हे असंच चाललंय. एकदा लावून द्याल का?"

"देईन की," वन्सं म्हणाल्या, "पण आधी माझा दर ऐकून घ्या."