वापरातली खोली

कोर्टात केस एकदाची निकाली निघते, किस्सा निघत नाही. तो तारखेशिवायच साचत जातो. आमच्या तालुका कोर्टाच्या आवारात अर्ज टाइप करता करता मी म्हातारी झाले. टायपिंग मला कोणी शिकवलं नाही, माझी मीच शिकले. किस्से तर पोत्यानं आहेत. त्यातले हे रिकाम्या खोल्यांचे तेवढे ऐका.

*

नवी इमारत झाली, तेव्हा जुनीतल्या न वापरलेल्या खोल्या शोधायला जिल्ह्याहून साहेब आले. पहिलीच खोली उघडली, तर छतापर्यंत मोडक्या खुर्च्या.

"ही रिकामी धरायची ना?"

सामान सांभाळणारे नाझर म्हणाले, "नाही साहेब, खोली वापरात आहे. खुर्च्या वापरात नाहीत."

*

दुसऱ्या खोलीत खुर्चीवर एका वकिलाचा काळा कोट. रिसोडच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा हा कोट दिवाळीपासून खोली धरून बसलेला. साहेबांनी त्यावरून बोट फिरवलं, धुळीनं पांढरं झालं.

"वकीलसाहेब कुठे आहेत?"

"कोर्टात उभे हायेत," शिपाई म्हणाला.

"कोटाशिवाय?"

*

मोकळी झालेली एक लहान खोली टायपिंगवाल्यांना द्यायचं ठरलं. मागणाऱ्या दोघी, मी आणि आसेगावची शोभा. दोघींची टेबलं एकाच लिंबाखाली. ती माझ्या मागून आली, कॉम्प्युटर घेऊन, आणि दादा-काका करत माझी निम्मी गिऱ्हाइकं घेऊन गेली.

साहेबांनी विचारलं, "आजी, तुम्हाला खोली कशाला हवी?"

मी खोटं बोलत नाही. "मले पायजे, कारण तिले पायजे."

शोभा हसली. "आजीलेच द्या साहेब. उन्हात बसणं होत नाई तिच्यानं."

खोली मिळाली, पण तिनं सोडलेली! असला अपमान मी शत्रूचाही केला नाही.

*

खोलीला पंखा, दार, कडी, सगळं. गिऱ्हाईक मात्र लिंबाखालीच. शोभाभोवती आठवडी बाजार भरायचा. ते दिसू नये म्हणून मी खिडकी लावायची, आणि किती जमलेत ते पाहायला परत उघडायची.

एकदा अनसिंगचा एक माणूस दारात आला. मी घाईघाईनं मशीनवर कागद चढवला.

"माय, इथं संडास हाय काय?"

*

मग कळलं, साहेब पुन्हा येणार आणि ज्या खोलीत काम दिसणार नाही ती परत घेणार. खोली गेली की मी पुन्हा लिंबाखाली, शोभाच्या शेजारी. वर ती "या आजी" म्हणणार. त्यापेक्षा मशीन विकलेलं बरं.

त्या दिवशी मी एकटीच उगाच टाइप करत बसले होते. साहेबांची गाडी फाटकात शिरली आणि माझं दार माणसांनी भरलं. बाकावर, जमिनीवर, खिडकीच्या कट्ट्यावर, जागा मिळेल तिथं बसली. साहेबांना आत पाय ठेवता येईना.

"आजी, खोली छान चालते की," म्हणाले आणि पुढे गेले.

मी ताठ झाले. आलं शेवटी लोकांच्या ध्यानात, काम कुठं नीट होतं ते. समोरच्या म्हाताऱ्याला म्हटलं, "बोल बाबा, काय लिहाचं हाय?"

"काई नाई. अर्ज देल्ला शोभानं लिहून." त्यानं दाराबाहेर मान काढून पाहिलं. "सायेब गेला काय? तो जाईपर्यंत आजीपाशी बसा म्हणे."