गंगव्वाच्या कळशीतलं पाणी

काल भवानी पेठेत मैत्रिणीनं दूध पावडरीचा डबा उघडला आणि त्या गोडसर, कोंदट वासानं मला बहात्तरच्या दुष्काळात, वैरागजवळच्या खडी फोडण्याच्या कामावर नेलं. मी नवीकोरी आहारतज्ज्ञ, हातात मीच लिहिलेलं पत्रक. समोर गंगव्वा आणि तिचं आठ महिन्यांचं पोर, त्याचा दंड माझ्या अंगठ्याएवढा.

"पावडर कालवायचं पाणी दहा मिनिटं उकळायचंच!" मी दरडावलं.

"उकळून निम्मं उडून जातंय की, ताई. टँकर परवा येणार. लेकराला काय वाफ पाजू?"

बाया हसल्या. मी भडकले. "मग मरू दे हगवणीनं!"

उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, म्हणून गंगव्वानं कळशी पार उपडी करून तांब्या भरला आणि माझ्यापुढं धरला. मी तो घटाघटा संपवला आणि पुढचा मुद्दा वाचायला घेतला.

पाण्याची चौकशी न करता पत्रकं वाटणाऱ्या कचेऱ्यांवर मी आज सभांतून तुटून पडते, लोक टाळ्या वाजवतात. गंगव्वाच्या पोराचं काय झालं, हे विचारायला मात्र मी परत गेले नाही.