सिग्नलवरची पाठमोरी

ड्रायव्हरकाकांनी आयुष्यभर बस चालवली, घरात तोंड मात्र चालवलं नाही. जेवताना 'मीठ कमी आहे' आणि झोपताना 'दार लावलं का', एवढ्यावर त्यांचा संसार झाला. घर फारच गप्प झालं की काकू शिलाई मशीन सुरू करत, तेवढाच आवाज. काही माणसं असतातच अबोल, चालायचंच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

निवृत्तीच्या दिवशी कंडक्टरने घोळ घातला. "वहिनी, आता त्या पाठमोरीचं कसं व्हायचं?" म्हणाला. शहराच्या मधल्या चौकात शिल्पांचं अंगण आहे, तिथे रस्त्याकडे पाठ करून एक दगडी बाई बसलेली. सिग्नल लाल झाला की काका खिडकीतून तिच्याशी बोलत. मुलीच्या लग्नाची धाकधूक, साहेबाने केलेला पाणउतारा, दुखरा गुडघा, सगळं तिला सांगून मोकळे. कंडक्टर मागे उभा राहून ऐकायचा.

काकू चारचौघांत हसल्या. घरी आल्यावर मात्र ते त्यांना फार लागलं. म्हणजे या माणसाला बोलता येत होतं! मग आपल्यापुढेच का मिठाची गुळणी धरली? आता तर नोकरीही नाही, पाठमोरीही नाही. काका दिवसभर खिडकीशी बसून राहायला लागले. असंच चाललं तर पुढची सगळी वर्षं मशीनच्या खडखडाटात काढावी लागतील, असं काकूंना दिसू लागलं.

"मला तिला भेटायचंय," त्या म्हणाल्या. काकांनी ऊन झालं, गर्दी झाली, गुडघाही पुढे करून पाहिला. शेवटी एका सकाळी काकू चपला घालून दारात उभ्या राहिल्या, तेव्हा निमूट निघाले.

रोज तिथून जाऊनही काकांनी त्या अंगणात कधी पाऊल टाकलं नव्हतं. काकूंना जागा आवडली. मोकळी हवा, झाडं, पोरांनी बसून बसून पाठ चकचकीत केलेला पितळी बैल. लोखंडी कड्यांच्या एका ढिगापुढे त्या थबकल्या. "हे काय, उचलायचं राहिलं की काय?"

"शिल्प आहे ते," काका खालच्या आवाजात म्हणाले.

मग पाठमोरी आली. भरदार पाठ, मानेवर अंबाडा. काका मागेच रेंगाळले. काकू मात्र तरातरा वळसा घालून पुढे गेल्या आणि बघतच राहिल्या. चेहऱ्याच्या जागी नुसता गुळगुळीत दगड होता.

"अहो, इकडे या! हिला तर कानच नाहीत!"

काकूंना हसू आवरेना. काकाही आले, बघून ओशाळले. दोघं शेजारच्या बाकावर टेकले आणि काकूंचं हसू हळूहळू ओसरलं.

"हिला सांगितलंत, मग मला का नाही?"

काकांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "तुझा चेहरा लगेच उतरतो गं. तो बघितला की शब्द घशातच अडकतात. हिची नुसती पाठच दिसायची."

काकूंना राग यायला हवा होता. पण आला तो उमाळाच. या बाबाने आपला चेहरा उतरू नये म्हणून जन्मभर तोंड शिवून घेतलं, आणि आपण समजलो की त्याला काही सांगायचंच नाही. त्या बाकावरच फिरून त्यांच्याकडे पाठ करून बसल्या. येणारेजाणारे बघत होते, बघेनात का.

"घ्या. बोला आता."

काका खाकरले. "सकाळी उठल्यावर कुठे जायचं तेच कळत नाही गं मला."

काकू हलल्या नाहीत. मागून आवाज येत राहिला, आधी अडखळत, मग सरळ. घरात आपली अडगळ होईल अशी भीती. मुलगी सासरी गेली त्या दिवशी बस बाजूला घेऊन रडलो ते. काकूंचे डोळे घळाघळा वाहायला लागले, पण पुसायला हात उचलला तर त्यांना कळेल, म्हणून त्या तशाच बसून राहिल्या.

मध्येच आवाज थांबला. संपलं वाटतं, काकूंना वाटलं, पुन्हा कुलूप लागलं.

काका उठले, बाकाला वळसा घालून त्यांच्या समोर आले. त्यांचा ओला, उतरलेला चेहरा नीट बघितला, शेजारी बसले आणि राहिलेलं सांगू लागले.